देवगिरीचा डीबीए

संभाजीनगरहून कन्नडला घरी जाताना देवगिरीचा किल्ला दिसला, की मला हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत आठवतो. यादव राजा महादेवाच्या काळात (१२६१-७१) तो श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा प्रमुख. आजच्या भाषेत डीबीएच की हो!

गंमत बघा, त्याचा 'चतुर्वर्गचिंतामणि' ग्रंथ नकलांमुळे टिकला, पण त्याने सांभाळलेलं दफ्तर गेलं. यादवांची ताम्रपटावर कोरलेली दानपत्रं मात्र अजून वाचता येतात. बॅकअप म्हणतात तो हा! (मोडी त्यानेच आणली असं परंपरा सांगते. असो.)

आमच्याकडे नवीन डीबीए रुजू झालाय. क्वेऱ्या फाडफाड लिहितो, मॅनेजर खूष. मी अजून नाही. सोमवारी त्याला रिकामा सर्व्हर आणि मागच्या आठवड्याचा बॅकअप देणार, म्हणणार, कर उभा.