पाळणेवाल्याचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते मला इथून दिसलं. तत्त्वज्ञानाचा मास्तर आणि जत्रेतला पाळणेवाला, यांचा संबंध काय? संबंध आहे. इतिहासात आपण राजे वाचतो, लढाया वाचतो, फार तर शेतकरी आणि गिरणी कामगार वाचतो. पण जो माणूस आपल्या लेकराला चाळीस-पन्नास फूट उंच नेतो आणि सुखरूप खाली आणतो, त्याचं नाव आपण कधी विचारत नाही. तिकीट घेतो, बसतो, किंचाळतो, उतरतो. त्या माणसाच्या कामाला इतिहास आहे का, आणि तो इतिहास आपल्याला काय सांगतो, एवढंच आज बघायचं आहे.

सुरुवात शब्दापासून करू. आपण 'रहाटपाळणा' म्हणतो. रहाट हा विहिरीवरचा. संस्कृतात त्याला अरघट्ट म्हणत, त्यावरून आपला रहाट आला. भरलेलं गाडगं वर येतं, रिकामं खाली जातं. पाण्याच्या गाडग्याऐवजी माणूस बसवला की झाला रहाटपाळणा. म्हणजे ही वस्तू आपल्याकडे परदेशातून आली, असं म्हणण्याआधी थांबायला हवं. युरोपीय प्रवाशांनीही हे चक्र पूर्वेकडेच पाहिलं होतं. इटलीचा पिएत्रो देला वाल्ले १६१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या जत्रेत अशा चक्रात बसला होता. पुढे १६२० मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने बाल्कन प्रदेशातल्या फिलिपोपोलिस या गावी तसलीच चक्रं पाहून लिहून ठेवली. ती लाकडी होती आणि माणसं हातांनी फिरवत.

चक्राची उपमा तत्त्वज्ञांना फार आवडते. गीतेच्या अठराव्या अध्यायात, यंत्रावर बसवलेल्या प्राण्यांना ईश्वर फिरवतो, असा दृष्टांत आहे. तिकडे इटलीत बोएथियसने तुरुंगात बसून दैवाच्या चाकाबद्दल लिहिलं. दोन्हीकडे आपलं लक्ष जातं ते चाकावर बसलेल्यांकडे. कोण वर गेला, कोण खाली आला. पण चाक फिरवणारा जर माणूस असेल, देव किंवा दैव नसेल, तर? त्याला घाम येतो, त्याला झोप येते, त्याला पगार उशिरा मिळतो. तिथून आजचा विषय सुरू होतो.

आता शिकागोला जाऊ. १८९३ म्हटलं की आपल्याला स्वामी विवेकानंद आठवतात. ११ सप्टेंबरला सर्वधर्म परिषद सुरू झाली, ती शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानेच. त्याच प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या अभियंत्याने पोलादी चक्र उभं केलं होतं. उंची २६४ फूट, डबे ३६, आणि एका डब्यात ६० माणसं. हिशेब करा, एका वेळी २,१६० माणसं! वाफेच्या इंजिनावर ते फिरायचं आणि तिकीट पन्नास सेंट. लोक वर गेल्यावर घाबरत, म्हणून डब्यांत गणवेशातले कर्मचारी ठेवले होते. माणसांना धीर देणं हेसुद्धा तिथे काम ठरलं. फेरिस तीन वर्षांतच, १८९६ मध्ये, वारला. इंग्रजीत चक्राला त्याचं नाव कायमचं चिकटलं. डब्यातल्या कर्मचाऱ्यांपैकी एकाचंही नाव लोकांच्या स्मरणात नाही.

आता आपल्या हिंगोलीकडे येऊ. हा जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. पण गाव जुनं आहे. निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची इथे छावणी होती. छावणी आली की बाजार येतो, बाजार आला की खेळ-तमाशा येतो. आपला दसरा खाकीबाबा मठाशी जोडलेला आहे आणि त्याला दीडशे वर्षांहून जास्त परंपरा सांगितली जाते. रामलीला मैदानावर रामलीला आणि रावणदहन, आणि शेजारी प्रदर्शन. प्रदर्शन म्हणजे काय, ते इथे कुणाला सांगायला नको. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, कोलंबस, ड्रॅगन ट्रेन, मौत का कुआँ.

पाळणेवाल्याचं वर्ष मात्र आपल्यासारखं गुढीपाडव्याला सुरू होत नाही. त्याचं पंचांग जत्रेचं. दसरा झाला की सामान ट्रकवर चढतं. मार्गशीर्षात माळेगावचा खंडोबा. संक्रांतीला सोलापूरची गड्डा यात्रा. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक साहेबांचा उरूस. महाशिवरात्रीला औंढा नागनाथ, तिकडे लातूरला सिद्धेश्वर. खंडोबा, शंकर, पीर, सगळ्यांच्या दारात पाळणे तेच आणि माणसंही बहुधा तीच. कुणी उत्तर प्रदेशातला, कुणी बिहारचा, कुणी आपल्याच शेजारच्या तालुक्यातला. पाऊस लागला की कमाई बंद. आणि २०२० मध्ये तर जत्राच बंद झाल्या. शेतकऱ्याचं एक पीक बुडालं की निदान त्याची चर्चा होते. पाळणेवाल्याचं अख्खं वर्ष बुडालं, तेव्हा कुणी पंचनामा केला नाही.

प्रत्यक्ष काम कसं असतं बघा. माझ्या लहानपणी, म्हणजे आणे जाऊन नवे पैसे येत होते तेव्हा, चार खोक्यांचा लाकडी पाळणा असे. दोन माणसं तो हातांनी ढकलत. वेग कमी झाला की एक जण आडव्या दांड्यावर चढून स्वतःचं वजन टाकायचा आणि चाकाबरोबर खाली यायचा. म्हणजे इंजिन तोच आणि ब्रेकही तोच. पुढे डिझेल इंजिन आलं, मग मोटर आणि जनरेटर आले. अंगमेहनत काही कमी झाली, पण जोखीम वाढली. कारण पाळणा उंच झाला, वेग वाढला, आणि आता चूक हातात राहत नाही, यंत्रात जाते.

पहिलं काम उभारणीचं. काळ्या मातीचं मैदान. पाऊस पडून गेलेला असला तर वरून कोरडं दिसतं आणि आत ओल असते. पायाखाली लाकडी सिलिपाट टाकायचे, पाचरी मारून पातळी साधायची. इथे दोन बोटांचा फरक राहिला तर वर टोकाला तो कितीतरी वाढतो.

दुसरं काम तोलाचं. सोळा खोक्यांचा पाळणा धरा. लोक ओळीने येतात, पण पाळणेवाला त्यांना ओळीने बसवत नाही. एक खोकं इकडचं भरलं की समोरचं भरायचं. का? एका खोक्यात चार माणसं, माणशी पन्नास किलो धरा. एकाच बाजूची आठ खोकी भरली तर १,६०० किलो एका अंगाला. मोटर ओढणार नाही, ब्रेक धरणार नाही. आपण रांगेत उभं राहून चिडतो, "अहो, आमचा नंबर होता, त्यांना का बसवलं?" तो भांडत नाही, नुसता हात दाखवतो. खरं तर त्या वेळी तो यांत्रिकी शिकवत असतो. आपण ऐकत नाही.

तिसरं काम कडी लावण्याचं. मित्रहो, माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. सोळा खोकी, रात्रीच्या साठ फेऱ्या धरल्या तर ९६० वेळा कडी लावायची आणि ९६० वेळा ती ओढून बघायची. दुपारी चारपासून मध्यरात्रीपर्यंत, कानाशी भोंगा, डोळ्यांत धूळ. ९५९ वेळा बरोबर केलं, तर कुणी शाबास म्हणत नाही. एकदा राहिलं, तर गुन्हा. हे लक्ष माणसाने आणायचं कुठून?

आपल्या मराठवाड्याच्या परंपरेत लक्षाबद्दलची एक भयंकर कथा आहे. तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवत होते, नामात रंगले होते, आणि रांगतं लेकरू पायाखाली आलं. गोरोबांनीच नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, म्हणून नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले, हे तर आपल्या जिल्ह्याचंच वैभव. त्या कथेकडे आपण भक्तीची कथा म्हणून बघतो, ते योग्यच. पण ती कामाचीही कथा आहे. हात-पाय काम करत असतात, मन दुसरीकडे असतं, आणि मध्ये एक लेकरू असतं. संतचरित्रात विठ्ठल ते लेकरू परत देतो. मैदानावर परत देणारा कुणी नसतो. म्हणून लक्ष चुकेल हे गृहीत धरून व्यवस्था करावी लागते.

मोठ्या उद्यानांनी हे काही प्रमाणात केलं. दिल्लीचं अप्पू घर १९८४ चं, गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं, खोपोलीचं इमॅजिका २०१३ चं. मोठ्या आधुनिक राईडमध्ये बसणाऱ्याच्या छातीवरचा दांडा नीट बसला नाही तर यंत्र सुरूच होऊ नये, अशी सोय करता येते. कर्मचाऱ्याला गणवेश असतो, पाळी ठरलेली असते. आमच्या जत्रेतला माणूस मात्र स्वतःच कुलूप, स्वतःच सेन्सर.

उद्यानातही सगळं आबादीआबाद आहे असं नाही. अहमदाबादला कांकरिया तलावाजवळ १४ जुलै २०१९ ला झोक्यासारखी राईड मोडून दोघे दगावले. अटक झाली त्यात व्यवस्थापनाबरोबर यंत्र चालवणारेही होते. मोहालीला सप्टेंबर २०२२ मध्ये मेळ्यातला उंच झुला माणसांसकट खाली कोसळला. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ ला आग लागून २७ जण गेले. त्यानंतर गुजरातने नियम कडक केले, आणि चार दिवसांच्या मेळ्यातल्या पाळण्यालाही काँक्रीटचा पाया हवा का, यावर वाद झाला. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं होतं. पण त्या वादात पाळणेवाल्याला कुणी विचारलं का, की बाबा, तुला जमीन कशी वाटते?

आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा. करमणुकीच्या जागांच्या परवान्याचे नियम करण्याचा अधिकार त्यात दिलेला आहे. परवाना मालकाच्या नावे, तपासणी अधिकाऱ्याच्या सहीची, जागा समितीची. आणि कळ कुणाच्या हातात? ज्याची सही कुठेच नाही त्याच्या. नीतिशास्त्रात एक साधं तत्त्व आहे. ज्याच्या हाती अधिकार नाही, त्याच्यावर पूर्ण जबाबदारी टाकता येत नाही. इथे उलटं चाललंय. गर्दी वाढली की मालक म्हणतो, आणखी एक फेरी घे. वारा सुटला, पाळणेवाल्याला कळतं की आता थांबावं. पण थांबवलं तर रोजी जाते.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवे कामगार कायदे लागू झालेत. त्यांचा लाभ या माणसापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. पण आपल्या दसऱ्यात आपण तीन गोष्टी करू शकतो. एक, रोजच्या तपासणीच्या कागदावर चालवणाऱ्याचंही नाव आणि सही असावी, आणि त्याचं म्हणणं लिहायला एक रकाना असावा. दोन, दर दोन तासांनी कडी लावणारा बदलावा. तीन, पाळणा थांबवायचा त्याचा निर्णय अखेरचा मानावा, आणि त्यासाठी त्याचा एक रुपयाही कापू नये. याला फार खर्च येत नाही. परवाना देताना एक अट घालावी लागते, इतकंच.

आणि आपण, तिकीट काढणाऱ्यांनी? वारा सुटल्यावर त्याने हात वर करून "बंद" म्हटलं, तर पैसे परत मागायला भांडू नये. मला वाटतं, त्या वेळी तरी त्याचं नाव विचारावं.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून सुरुवात करा, तिकडच्यांना नेहमी उशीर होतो.