चौदा लाकडी क्रूस

कॅथलिक चर्चमध्ये शिरले की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ठरावीक अंतराने लावलेली चौदा चित्रे दिसतात. पहिल्या चित्रात रोमन सुभेदार पिलात येशूला मृत्युदंड सुनावतो, चौदाव्यात येशूचा देह कबरीत ठेवला जातो. कुठे ही चित्रे तैलरंगात असतात, कुठे प्लास्टरच्या उठावात, कुठे लाकडात कोरलेली. बघणाऱ्याची नजर साहजिकच त्यांच्यावर जाते. चर्चच्या नियमांच्या लेखी मात्र चित्र असले काय, नसले काय, फारसे बिघडत नाही. ज्याच्यावाचून अडते तो चित्राच्या माथ्यावरचा लहानसा क्रूस. एकोणिसाव्या शतकात रोमने याबाबत पुन्हा पुन्हा निर्णय दिले: क्रूस लाकडाचाच हवा, दुसऱ्या कशाचा चालणार नाही, भिंतीवर नुसता रंगवलेला असेल तर सगळी मांडणीच रद्दबातल. चौदांपैकी काही क्रूस खराब झाले तर बदलावेत, पण निम्म्याहून जास्त बदलले तर आशीर्वाद नव्याने द्यावा.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण या चौदा क्रूसांना एक देणगी जोडलेली होती. जेरुसलेमला जाऊन तिथली पवित्र स्थळे पाहणाऱ्या यात्रेकरूला जे मिळे, ते सारे या क्रूसांसमोरून प्रार्थना करत चालणाऱ्याला घरच्या चर्चमध्ये मिळणार होते. त्या देणगीचे नाव इंडल्जन्स.

इंडल्जन्स म्हटले की मराठी वाचकाला शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातली पापमुक्तीची पत्रे आठवतात, आणि त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला मार्टिन ल्यूथर. त्या पत्रांचा बाजार खरोखरच भरला होता, आणि तो लाजिरवाणा होता. तरी मुळातली कल्पना त्याहून जुनी आणि वेगळी आहे. कॅथलिक शिकवणीप्रमाणे इंडल्जन्सने पापाची क्षमा होत नाही. ती होते पश्चात्तापाने आणि फादरपुढे पाप कबूल केल्याने. पण क्षमा झाली तरी केल्या कर्माचे काहीतरी भोगून फेडायचे उरते, या जन्मात किंवा मरणानंतर शुद्धिस्थानात. हे जे उरते, त्यातली सूट म्हणजे इंडल्जन्स. ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याची कोठी चर्चच्या हाती सोपवलेली आहे आणि त्यातून ही सूट दिली जाते, असे पोप सहावा क्लेमेंट याने 1343 साली अधिकृतपणे मांडले.

सुरुवातीच्या शतकांत प्रायश्चित्त चारचौघांत आणि वर्षानुवर्षे चाले. तिसऱ्या शतकात रोमन सम्राट डेशियसच्या छळात काही ख्रिस्ती डगमगले, रोमन देवांना धूप घालून मोकळे झाले आणि नंतर पस्तावले. श्रद्धेपायी तुरुंगात पडलेले लोक अशांसाठी रदबदलीच्या चिठ्ठ्या लिहून देत. त्या चिठ्ठ्यांचे मोल किती धरायचे, यावरून कार्थेजचा बिशप सिप्रियन याला मोठा वाद निस्तरावा लागला. पुढे आयर्लंडच्या मठांनी पापागणिक प्रायश्चित्ताचे कोष्टक बांधले आणि लांबलचक उपवासाऐवजी स्तोत्रपठणाची सोयही दिली. 1095 मध्ये क्लेर्मोंच्या सभेत पोप दुसरा अर्बन याने निव्वळ भक्तीपोटी जेरुसलेमच्या मोहिमेवर जाणाऱ्याला ती वाटचालच सगळे प्रायश्चित्त म्हणून मान्य केली. जेरुसलेम आणि सूट यांची सांगड अशी पक्की झाली.

पुढच्या चारशे वर्षांची कथा परिचित आहे. 1300 साली यात्रेकरूंना सूट देणारे रोमचे पहिले जयंतीवर्ष झाले. 1454 पासून गुटेनबर्गच्या काळातल्या छापखान्यांत इंडल्जन्सचे छापील अर्ज निघू लागले. नावाची जागा कोरी, ती हाताने भरायची. 1476 मध्ये मृतांच्या आत्म्यांसाठीही सूट मागता येऊ लागली. 1517 मध्ये माइन्त्सच्या आर्चबिशपची कर्जफेड आणि रोमच्या सेंट पीटर्सचे बांधकाम यांसाठी टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक इंडल्जन्स विकत गावोगाव फिरला आणि ल्यूथरने 95 प्रमेये लिहिली. ट्रेंटच्या परिषदेने 1562 मध्ये पैसे गोळा करत फिरणाऱ्यांचे पदच मोडीत काढले आणि 1567 मध्ये पोप पाचवा पायस याने पैशाशी जोडलेली प्रत्येक सूट रद्द केली. लिहिणारे बहुतेक जण इथे पूर्णविराम देतात. ज्यांना पैसा, प्रकृती किंवा युद्ध यांमुळे कधीच जेरुसलेमला जाता येणार नव्हते, त्या माणसांनी या कल्पनेचे काय केले, ही तितकीच खरी कथा त्यामुळे सांगायची राहून जाते.

जेरुसलेममधली पवित्र स्थळे सांभाळण्याचे काम 1342 पासून फ्रान्सिस्कन संन्याशांकडे आले. यात्रेकरूंना गल्लीबोळांतून फिरवून इथे हे घडले, तिथे ते घडले, असे दाखवणारे तेच. कुठल्या जागी किती सूट, याच्या याद्याही यात्रेच्या पुस्तकांत असत. मात्र आज माहीत असलेला चौदा स्थानांचा क्रम तेव्हा अस्तित्वातच नव्हता. इंग्लंडच्या ईटन कॉलेजचा फेलो विल्यम वे हा 1458 आणि 1462 मध्ये तिथे जाऊन आला. त्याने चौदा स्थाने नोंदवली आहेत, पण त्यांतली जेमतेम पाच आजच्या यादीशी जुळतात. शिवाय त्याला नेले ते उलट्या दिशेने, येशूला क्रूसावर खिळले त्या कालवारीकडून पिलाताच्या वाड्याकडे.

परतलेल्या माणसांना ती वाट आपल्या गावात हवीशी वाटू लागली. स्पेनमध्ये कोर्दोबाच्या आल्व्हारोने पंधराव्या शतकातच आपल्या मठाच्या आवारात जेरुसलेमची आठवण देणारी छोटी प्रार्थनागृहे उभारली. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये शिल्पकार आडाम क्राफ्टने शहरापासून सेंट जॉनच्या दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दगडातले सात देखावे कोरले. मूळ शिल्पे आता तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. पहिल्या शिलेवर येशू आणि त्याच्या आईची भेट आहे आणि खाली अंतर दिले आहे: पिलाताच्या घरापासून दोनशे पावले. दुसऱ्या देशातल्या एका रस्त्याची लांबी आपल्या गावच्या रस्त्यावर मोजून उतरवण्याचा तो ध्यास त्या आकड्यात दिसतो. ही मापे मार्टिन केट्झेल नावाच्या गृहस्थाने जेरुसलेमहून आणली होती. परतताना ती हरवली म्हणून तो पुन्हा गेला, असे न्यूरेंबर्गमध्ये परंपरेने सांगतात.

क्राफ्टच्या सात देखाव्यांसारखी येशूच्या सात वेळा पडण्याचीही एक भक्ती त्या काळी होती. तिचे अवशेष आजच्या यादीत सापडतात. तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी येशू पडतो. उरलेल्या चार पडण्यांच्या जागी आईची भेट, कुरेनेकर शिमोनाने दिलेला खांदा, वेरोनिकाने पुसलेला चेहरा आणि जेरुसलेमच्या रडणाऱ्या स्त्रिया आल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. यातली वेरोनिका शुभवर्तमानांत कुठेच नाही. तीन वेळा पडणेही नाही.

मग पुस्तकांनी सूत्रे हातात घेतली. मेखेलनचा कार्मेलाईट संन्यासी यान व्हान पाशेन याने वर्षभराची घरबसली यात्रा लिहिली. त्याच्या मृत्यूनंतर 1563 मध्ये ती लूव्हेनला छापली गेली. रोज एक मजल मनाने चालायची आणि जेरुसलेमपर्यंत जाऊन परतायचे. डेल्फ्टचा क्रिस्तियान व्हान आद्रिखेम याने 1584 मध्ये ख्रिस्तकालीन जेरुसलेमचे वर्णन छापले, आणि त्यात क्रूसाच्या वाटेवरची बारा स्थाने पावलांच्या अंतरासह दिली. आजची पहिली बारा स्थाने ती हीच. आद्रिखेमने जेरुसलेम कधी पाहिलेले नव्हते. इतरांच्या वर्णनांवरून त्याने ते रचले होते. पुस्तकाची भाषांतरे युरोपभर गेली, ती वाचलेले यात्रेकरू जेरुसलेममध्ये येऊन तीच स्थाने विचारू लागले आणि तिथली वाट हळूहळू त्यांच्या यादीप्रमाणे बसत गेली. इंग्रज जेझुइट हर्बर्ट थर्स्टन याने 1906 मध्ये हे तपशिलाने दाखवून दिले. आज दर शुक्रवारी फ्रान्सिस्कन संन्यासी जेरुसलेममध्ये ज्या क्रमाने चालतात, तो बराचसा हॉलंड-बेल्जियमकडून तिथे पोचलेला आहे. यामुळे त्या वाटेचे पावित्र्य उणावते असे मुळीच नाही. उलट किती लोकांची किती काळची ओढ तिच्यात मुरली आहे, हे त्यातून कळते.

एवढे होऊनही एक उणीव होती: सूट जेरुसलेमच्या दगडांशी बांधलेली होती. ती गाठ 1686 मध्ये सुटली. पोप अकराव्या इनोसंटने फ्रान्सिस्कनांना आपल्या सर्व चर्चमध्ये ही स्थाने उभारण्याची मुभा दिली आणि प्रत्यक्ष यात्रेची सगळी इंडल्जन्स तिथे लागू केली, पण ती फ्रान्सिस्कनांना आणि त्यांच्या संघाशी जोडलेल्यांना. 1726 मध्ये तेराव्या बेनेडिक्टने ती सर्व भाविकांना खुली केली. 1731 मध्ये बाराव्या क्लेमेंटने कोणत्याही चर्चला परवानगी दिली आणि स्थानांची संख्या चौदावर कायम केली. अट एकच: बिशपच्या संमतीने, पण फ्रान्सिस्कनाच्याच हातून स्थापना व्हावी. पोर्तो मॉरित्सिओचा लिओनार्ड हा संन्यासी पुढची वीस वर्षे हेच करत हिंडला. त्याने उभारलेल्या वाटा 570 च्या वर भरतात. त्यातली सर्वांत गाजलेली रोमच्या कोलोसियममध्ये, 27 डिसेंबर 1750 ची.

1731 च्याच नियमांत एक कलम होते: ही वाट चालल्याने नेमकी कोणती आणि किती इंडल्जन्स मिळतात, ते कोणी सांगू नये. ज्या प्रथेची अब्रू आकड्यांनीच घालवली होती, तिच्यातल्या सर्वांत लोकप्रिय भक्तीला आकडाच नसावा, हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. बाकी प्रार्थनांपुढे मात्र आकडे होतेच. 1807 मध्ये रोमला निघालेल्या 'राकोल्ता' या संग्रहाच्या आवृत्त्यांत प्रार्थनेखाली तीनशे दिवस, सात वर्षे अशी नोंद असे. ते शुद्धिस्थानातले दिवस नव्हेत. तेवढे दिवस जुन्या पद्धतीचे प्रायश्चित्त केल्याइतके, असा त्याचा अर्थ. सामान्य भाविकाचा तिथे गोंधळ होई. 1 जानेवारी 1967 रोजी पोप सहाव्या पॉलने दिवस-वर्षांचा हिशेब काढून टाकला. राहिले दोनच प्रकार, अंशतः आणि पूर्ण.

पूर्ण इंडल्जन्स दिवसाला एकच. त्यासाठी कन्फेशन, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना ('आमच्या बापा' आणि 'नमो मरिया' एकेकदा म्हटले तरी पुरते) आणि पापाविषयी, अगदी किरकोळ पापाविषयीही, मनात ओढ नसणे. शेवटची अट सर्वांत अवघड. ही सूट स्वतःसाठी किंवा मृतांसाठी मागता येते, दुसऱ्या जिवंत माणसासाठी नाही. रोज करता येण्याजोग्या कामांत अर्धा तास पवित्र साक्रामेंतासमोर बसणे, अर्धा तास बायबल वाचणे, चर्चमध्ये किंवा कुटुंबासह रोझरी म्हणणे, आणि क्रूसाची वाट. वाटेला चालणे आवश्यक आहे. गर्दीमुळे सगळ्यांना जमत नसेल तर निदान प्रार्थना सांगणाऱ्याने एका क्रूसाकडून दुसऱ्याकडे जायला हवे. वसईच्या धर्मग्रामांत उपवासकाळातल्या शुक्रवारी मराठीतून 'क्रूसाची वाट' होते, गोव्यात कोंकणीतून 'खुर्साची वाट'. तिथेही लोक बाकांजवळ उभे राहून वळतात आणि फादर मात्र क्रूस घेऊन भिंतीच्या कडेने फिरतात, ते याचसाठी. येशूच्या दुःखभोगाची कथा या किनाऱ्याने मराठीत क्रूसाच्या वाटेच्या आधीच ऐकली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' 1616 चे, म्हणजे इनोसंटच्या परवानगीच्या सत्तर वर्षे आधीचे.

आणि ज्याला चर्चपर्यंतही जाता येत नाही? 1773 मध्ये चौदाव्या क्लेमेंटने आजारी, समुद्रावरचे आणि तुरुंगातले लोक यांच्यासाठी सोय केली. त्यासाठी आशीर्वाद दिलेला क्रूस हातात धरायचा आणि 'आमच्या बापा' व 'नमो मरिया' वीस वेळा म्हणायचे: चौदा स्थानांसाठी चौदा वेळा, येशूच्या पाच जखमांसाठी पाच वेळा, पोपच्या हेतूंसाठी एकदा. शेवटच्या सहा वेळी त्यांना त्रैक्याच्या गौरवाची प्रार्थनाही जोडायची. 20 मार्च 2020 रोजी, करोनाने चर्चची दारे बंद झाली तेव्हा, इंडल्जन्सचा कारभार पाहणाऱ्या रोमच्या न्यायासनाने आजारी, विलगीकरणात अडकलेले आणि त्यांची सेवा करणारे डॉक्टर, नर्स व घरचे लोक यांना पूर्ण इंडल्जन्स जाहीर केले. त्यासाठी सांगितलेल्या कामांत प्रसारमाध्यमांवरून मिस्सात सहभागी होणे, रोझरी आणि क्रूसाची वाट ही होती. कन्फेशन आणि कम्युनियन जमेल तितक्या लवकर करण्याची इच्छा मनात असली म्हणजे झाले.