तळटीप १२ : 'थ्रॉटल सेन्सर'

१२. थ्रॉटल सेन्सर : इंजिनात हवा सोडणारी झडप किती उघडली, हे गाडीच्या संगणकाला कळवणारा भाग. उमरेडच्या मिस्त्रीने इथे पान्याआधी मीटर का काढला, ते यावरून उमगेल. बहुतेक गाड्यांत या सेन्सरला ५ व्होल्ट मिळतात; झडप बंद असताना तो साधारण ०.५ व्होल्ट परत पाठवतो, पूर्ण उघडल्यावर ४.५ च्या आसपास. झडप सावकाश उघडताना आकडा सलग चढला तर सेन्सर ठीक. मध्येच कोसळला तर आतला कार्बनचा पट्टा झिजलेला, आणि गाडी नेमकी तिथेच झटके देते. मात्र नवा सेन्सर घेण्याआधी वायर आणि पिना तपासाव्यात; दोष कधीकधी तिथेच असतो. – संपा.