मांजरडोळा

आमच्या मोहल्ल्यात १९८४ साली अडीच वर्षांची एक मुलगी होती. मगरिबच्या वेळी दिवे लागले की तिचा डावा डोळा मांजराच्या डोळ्यासारखा चमके. तिची दादी म्हणाली, नजर लागली, सुरमा घाला. गावातल्या डॉक्टरांनी मोतीबिंदू ठरवला आणि मोठी झाली की बघू म्हणाले. आम्ही पोरं तिला अंधारात नेऊन बॅटरी मारून ती चमक बघत असू. वर्षभरात डोळा बाहेर आला. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

त्या रोगाचं नाव मला फार उशिरा कळलं. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. तरी नाव कळल्यापासून त्याचा माग काढत राहिलो.

हॉलंडमधल्या लायडनच्या पीटर पाऊ यांनी १५९७ साली एका बालकाच्या डोळ्यातल्या अशा गाठीचं वर्णन केलं. तिची खरी ओळख पटवली ती स्कॉटिश शल्यवैद्य जेम्स वॉर्ड्रॉप यांनी, १८०९ साली. मेलेल्या मुलांचे डोळे उघडून त्यांनी पाहिलं, की रोग दृष्टिपटलात सुरू होतो आणि डोळ्याच्या नसेतून मेंदूकडे सरकतो. म्हणून, डोळा लवकर काढा, असं त्यांनी सांगितलं. ईथरची भूल आली १८४६ साली. त्याआधी कुणी आणि कसं धरून ठेवलं असेल त्या लेकरांना?

पुढं क्ष-किरण आले, औषधं आली. १९७१ साली आल्फ्रेड नुडसन यांनी ४८ रुग्णांच्या नोंदी तपासून मांडलं, की पेशीतल्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की ही गाठ होते. काही मुलं एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्मतात. ते जनुक १९८६ साली हाती लागलं. डोळ्यातच असलेला रोग बरा होऊ लागला. खोबणीबाहेर, हाडांत, मज्जेत गेलेल्या रोगापुढं मात्र डॉक्टर हात टेकत.

अडचण अशी होती. औषधाचा डोस वाढवला तर गाठ मरते, पण हाडांतली मज्जाही मरते. मज्जा गेली की रक्त तयार होत नाही आणि मूल साध्या जंतूनं दगावतं. यावरची तोड शेतकऱ्याला चटकन कळेल. शेत भाजण्याआधी बियाणं कणगीत काढून ठेवायचं. मुलाच्याच रक्तातल्या मूळपेशी यंत्रानं वेगळ्या करून गोठवतात. मग एरवी सोसणार नाहीत एवढी जबर औषधं काही दिवस देतात आणि नंतर त्या पेशी शिरेतून परत सोडतात. प्रत्यारोपण म्हटलं की आपल्याला सुरी-कात्री आठवते. इथं फक्त सलाईनसारखी एक पिशवी लटकते. पेशी ज्या द्रवात गोठवतात, त्यामुळं खोलीत लसणासारखा वास येतो म्हणतात. पेशी आपल्या आपण हाडांत जाऊन रुजतात. तोवरचे दोन-तीन आठवडे फार नाजूक. या पेशी कर्करोगाशी लढत नाहीत, औषधानं केलेली नासाडी तेवढी भरून काढतात. काही मुलांची ऐकण्याची शक्ती या औषधांनी कमी होते, तेही सांगायला हवं.

पॅरिसच्या क्युरी संस्थेतल्या डॉक्टरांनी या उपचाराचा अनुभव १९९७ साली प्रसिद्ध केला. मग अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपनं मोठी चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०२२ साली छापून आले. रोग शरीरात पसरला, पण मेंदूत शिरला नव्हता, अशा मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांत वर्षअखेर तो उलटला नव्हता. मेंदूपर्यंत पोचलेल्यांत हेच प्रमाण तीस टक्क्यांच्या आत राहिलं. वॉर्ड्रॉपनी ज्या नसेकडे बोट दाखवलं होतं, ती वाट अजून पुरती अडवता आलेली नाही.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं ते १९८३ साली, रक्ताच्या कर्करोगासाठी. आमची ती मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

तिचा धाकटा भाऊ मला चाचा म्हणतो. त्याला मुलगी झाली तेव्हा मी नुडसनची गोष्ट सांगून तिचे डोळे तपासून घ्यायला लावले. तो आधी चिडला, मग घेऊन गेला. बाहुल्यांत थेंब घालून डॉक्टरांनी दोन्ही डोळे पाहिले, स्वच्छ होते. परतताना एसटीत तो एवढंच म्हणाला, ‘‘चाचा, आपाचा फोटोसुद्धा नाही हो आमच्याकडे.’’