स्थगित काम आणि अडलेली मेमरी

हवामानाचा अंदाज किंवा औषधांच्या रेणूंचा अभ्यास यांसारखी प्रचंड गणिते करण्यासाठी अनेक संगणक वेगवान जाळ्याने जोडतात. या समूहाला क्लस्टर, तर त्यातील प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. कोणते काम कोणत्या नोडवर केव्हा चालवायचे, हे शेड्यूलर नावाची प्रणाली ठरवते. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत उगम पावलेली ‘स्लर्म’ आणि सन मायक्रोसिस्टम्सने २००१ मध्ये मुक्तस्रोत केलेली ‘ग्रिड इंजिन’ या अशाच प्रणाली होत.

शेड्यूलर कामे वेगवेगळ्या रांगांत लावतो. तातडीच्या रांगेत काम आले की साध्या रांगेतील चालू काम स्थगित करता येते. अडचण येथेच उद्भवते. स्थगित काम प्रोसेसर सोडते. मेमरी मात्र सोडत नाही. त्याची सारी माहिती जागच्या जागी राहते.

समजा, नोडची मेमरी ६४ जीबी आहे. स्थगित कामाने ४० जीबी व्यापली असून नव्या कामालाही तेवढीच हवी आहे. एकूण गरज ८० जीबी होते. वरचा भार लिनक्स डिस्कवरील स्वॅप जागेत हलवते. तीही भरली, तर ते एखादी प्रक्रिया बंद पाडते. त्यात कित्येक दिवस चाललेले गणित वाया जाऊ शकते.

यावर प्रमुख उपाय चार आहेत :

१) प्रत्येक कामाची मेमरी आधी नोंदवून घ्यावी आणि स्थगित कामाचा वाटाही हिशेबात धरावा. नोड सुरक्षित राहतो. पण जागा नसल्यास तातडीचे कामही खोळंबते.

२) मेमरी रांगांत विभागावी. उदाहरणार्थ, दोन्ही रांगांना प्रत्येकी ३० जीबी देऊन उरलेली ४ जीबी कार्यप्रणालीसाठी राखावी. मात्र एक रांग रिकामी असता तिचा वाटा पडून राहतो.

३) स्वॅप जागा निदान साध्या रांगेच्या मर्यादेइतकी ठेवावी. सेकंदाला १०० एमबी वेगाच्या डिस्कवरून ४० जीबी परत आणण्यास सुमारे सात मिनिटे लागतात. डिस्क नसलेल्या नोडवर हा मार्ग बहुधा बंदच असतो.

४) काम स्थगित न करता बंद करून पुन्हा रांगेत लावावे. मेमरी पूर्ण मोकळी होते. परंतु स्थिती अधूनमधून डिस्कवर जतन केलेली नसेल, तर गणित आरंभापासून करावे लागते.

कोणताही मार्ग निवडला तरी मर्यादा केवळ नोंदवून भागत नाही, ती पाळून घ्यावी लागते. लिनक्समध्ये २००८ पासून उपलब्ध असलेली सी-ग्रुप सुविधा त्यासाठी उपयोगी पडते. वापरकर्त्यानेही आधी छोटे काम चालवून खरी गरज मोजावी. फुगवून मागितलेली मेमरी दुसऱ्याचे काम अडवते, तर कमी मागितलेली आपलेच काम बंद पाडते.

व्यवस्थापकाने एक कसोटी लक्षात ठेवावी : चालू आणि स्थगित अशा सर्व कामांच्या मर्यादांची बेरीज, कार्यप्रणालीचा वाटा वगळता, नोडची मेमरी आणि स्वॅप यांच्या बेरजेपेक्षा अधिक असू नये.