रुईच्या पानाचा रंग

दिवाळीच्या तोंडावर साखऱ्याच्या आमच्या घरांत रंगावरून एक लहानसा वाद झाला. सूनबाईंनीं सेनगांवच्या दुकानांतून शेड कार्ड आणविलें होतें व त्यांतील ‘सेज ग्रीन’ नांवाच्या एका मळकट हिरव्या चौकोनावर बोट ठेविलें होतें. शहरांतील बैठकींच्या भिंतींवर हल्लीं हा रंग जिकडेतिकडे दिसतो. सेज ही भूमध्यसमुद्राकांठची वनस्पति. तिचें पान करडें-हिरवें व लवदार. साखऱ्यांत तें कोणीं पाहिलेलें नाहीं. पण तो चौकोन पाहतांच आमच्या वृद्ध काकू म्हणाल्या, “जन्मभर हातानं सारवलं. आता पैसे देऊन तोच रंग आणायचा का?”

शेणानें सारवलेली भिंत ज्यांनीं पाहिली आहे त्यांस काकूंचें म्हणणें तत्काळ पटेल. ओली असतां ती गडद हिरवी दिसते, वाळतां वाळतां करडी होते आणि शेवटीं पिवळसर पडते. मधल्या अवस्थेंत तिचा जो रंग असतो तो शेड कार्डावरील चौकोनाशीं हुबेहूब मिळतो. माळवदाच्या घरांत बाकीचे रंग ठरलेले असत: पांढऱ्या मातीचें पोतेरें, खालीं गेरूचा पट्टा, कोनाड्यावर दिव्याची काजळी, ज्याला परवडे त्याच्या घरीं नीळ घातलेला चुना. हिरवा मात्र कोणी मुद्दाम देत नसे. तो सारवणाबरोबर येई, सुकण्याबरोबर जाई, आणि पुन्हां आणावयाचा तर घरच्या बाईनें पाटीभर शेण कालवावें लागे.

या रंगाला मराठींत नांव नाहीं, असें सूनबाईंचें म्हणणें. पोपटी, शेवाळी, मोरपंखी, पिस्तई यांपैकीं कोणतेंच त्याला शोभत नाहीं, हें खरें. पण मारुतीला शनिवारीं ज्या पानांची माळ घालतात त्या रुईचें पान निरखून पाहावें. हिरव्यावर पांढुरकी साय आलेली असावी तसें तें दिसतें. परदेशी झुडुपाकडे नांव मागावयास जाण्याचें आपणांस कारण नव्हतें.

काकूंचा निवाडा मला मान्य आहे, पण तो पुरा नाहीं. हा रंग जसा भिंतींवर होता तसा आमच्या पायांखालच्या दगडांतही आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर सांचून दख्खनचें पठार झालें. त्या रसांतील वायूच्या बुडबुड्यांनीं ज्या पोकळ्या राहिल्या त्यांत पुढें पाण्याबरोबर खनिजें येऊन बसलीं. काळा दगड फोडला असतां पांढऱ्या स्फटिकांभोंवतीं कित्येकदां जें हिरवट अस्तर आढळतें तें सेलॅडोनाइट होय. तें वाटून, धुऊन, गाळून जी मऊ भुकटी राहते तिला हिरवी माती म्हणतात. उन्हानें ती विटत नाहीं व चुन्यानें बिघडत नाहीं.

अजिंठ्याच्या चित्रांत आहे ती हीच माती. त्यांपैकीं पुष्कळशीं चित्रें पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचीं. हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम. त्या जिल्ह्याची शीव आमच्या सेनगांव तालुक्याला लागून आहे. १६ व्या लेण्यांतील शिलालेख हरिषेणाचा सचिव वराहदेव याचा. १८१९ सालीं जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस लेणीं पडलीं तेव्हां तीं निजामाच्या मुलुखांत होतीं. हैदराबाद संस्थानाच्या पुराणवस्तुखात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनीं १९३० पासून अजिंठ्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केले, आणि त्याच दशकांत रसायनज्ञ परमशिवन् यांनीं तेथील रंग व लिंपण यांची तपासणी केली. निळा लाजवर्द परदेशाहून आलेला. गेरू, पिवडी, काजळी व हिरवी माती हीं मात्र इथलीं. रंगाखालचें लिंपण मातीचें असून त्यांत भाताचें तूस व वनस्पतींचे तंतू कालविलेले आहेत, वर चुन्याचा पातळ हात. मातीचें घर बांधतांना ज्यानें पाहिलें आहे त्याला यांत नवल वाटावयाचें नाहीं. वराहदेवाचें नांव शिळेवर राहिलें, याझदानींचें ग्रंथावर. माती कोणीं मळली व हिरवा कोणीं वाटला, याची नोंद कोठेंच नाहीं. आम्हां इतिहासाच्या अध्यापकांना ही उणीव क्वचितच खुपते. मलाही ती काकूंच्या बोलण्यानंतरच खुपली.

युरोपांतही हिरवी माती ठाऊक होती. इटलींतील व्हेरोनाजवळची प्रसिद्ध. तिचा दोष एवढाच कीं ती मंद, आणि धनिकांना भिंतीवर झळझळीत हिरवा हवा असे. १७७५ सालीं स्वीडनमध्यें शेले या रसायनज्ञानें तांबें व सोमल यांच्या संयोगानें असा रंग तयार केला. १८१४ सालीं जर्मनींतील श्वाइनफुर्ट येथें त्याहून तेजस्वी हिरवा निघाला. भिंतीवर चिकटवावयाच्या कागदांवर तो छापूं लागले व दिवाणखाने पाचूसारखे दिसूं लागले. त्या खोल्यांतून माणसें आजारी पडत, तरी पुष्कळ वर्षें ही गोष्ट मान्य करण्यास कारखानदार तयार नव्हते. ओलसर कागदावरील बुरशी या सोमलापासून विषारी वायु उत्पन्न करते, हें इटालियन वैद्य गोझिओ यानें १८९० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें. हीच हिरवी भुकटी अमेरिकेंत बटाट्यावरील कीड मारण्यासाठीं वापरीत! विल्यम मॉरिसच्या मंडळीनें १८६० नंतरच्या दशकांत लंडनच्या साउथ केन्सिंग्टन वस्तुसंग्रहालयांतील भोजनगृह मंद हिरव्या रंगांत सजविलें आणि अभिरुचि थोडी खालच्या स्वरांत बोलूं लागली. अर्थात् मॉरिसच्या घरची संपत्ति ज्या खाणींतून आली होती तेथें तांब्याबरोबर सोमलही निघे, हें विसरूं नये.

आजच्या डब्यांत ना शेण, ना दगड. दुकानांतील यंत्र पांढऱ्या रंगांत काळ्या, पिवळ्या व हिरव्या द्रव्यांचे मोजके थेंब सोडतें, डबा गदगदां हलवतें, आणि रुईचें पान तयार होतें. सोमल त्यांत नाहीं, ही मोठीच सुधारणा. मात्र हा रंग मातीच्या भिंतीस चालत नाहीं. माती ओल घेते व सोडते. तिच्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा बसला कीं ओल आंत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. चुन्याची गोष्ट निराळी. तो भिंतीला श्वास घेऊं देतो.

आमच्या घराची ओसरी सिमेंटची, माजघर अजून मातीचें. तेव्हां माजघराला चुना द्यावा हें सहज ठरलें. ओसरीबद्दल काकूंनीं रंगाऱ्याला एकच गोष्ट विचारली: हा दरवर्षी द्यावा लागतो का? पांच-सात वर्षें पाहावें लागणार नाहीं, असें तो म्हणाला.

“मग द्या,” काकू म्हणाल्या.