अहेरीच्या जमीनदार घराण्याची वंशकथा

वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम झाल्यावर जो प्रवाह दक्षिणेस गोदावरीकडे जातो, त्यास प्राणहिता म्हणतात. तिच्या पूर्वेस, सागवानाच्या दाट रानात अहेरी हे गाव वसले आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र झाला, तेव्हा ते त्या जिल्ह्यात गेले. त्यापूर्वी हा सारा मुलूख चांद्याचा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचा. चांद्याच्या जमीनदाऱ्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी असून तिचा विस्तार अडीच हजार चौरस मैलांहून अधिक होता. विस्ताराचा आकडा ऐकून एखाद्या लहानशा संस्थानिकासही हेवा वाटावा. परंतु त्यातील बहुतेक भाग अरण्याचा. पलीकडे बस्तर, दक्षिणेस निजामाचे राज्य, आणि मध्ये हे आत्राम आडनावाचे राजगोंड घराणे, चांद्याच्या प्राचीन गोंड राजवंशाशी नात्याने बांधलेले.

अशा सरहद्दीवरच्या कुळाचा इतिहास शोधावयाचा तरी कोठे? अमेरिकेत हा शोध घेणाऱ्यास कागद पुष्कळ मिळतात. तेथे १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली. शिवाय खरेदीखते, मृत्युपत्रे आणि घरच्या बायबलाच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवलेले जन्ममृत्यू. केंटकीच्या जंगलात वस्ती करणारा डॅनियल बून १७३४ साली जन्मला आणि १८२० साली वारला, हे त्यामुळेच नेमके सांगता येते. मौज अशी की, ज्याने इतरांस जमीन दाखविली त्या बूनच्या स्वतःच्या जमिनी मोजणीचे व नोंदणीचे कागद सदोष ठरल्यामुळे हातच्या गेल्या आणि उतारवयात त्यास केंटकी सोडून आणखी पश्चिमेस जावे लागले. कागद नाव राखतो, तसा तो जमीनही घेतो. अहेरीकडेही हे घडले आहे. ते पुढे येईल.

गोंडांच्या घरची वंशावळ पूर्वी कागदावर नव्हती, ती परधानाच्या कंठात होती. परधान हा गोंडांचा भाट. किंगरी वाजवीत तो आपल्या यजमानांच्या घरी येतो, पूर्वजांची नावे घेतो, देवांच्या उत्पत्तीची कथा गातो आणि धान्य, वस्त्र, गुरे अशी बिदागी घेऊन जातो. त्याच्या गाण्यात सन नसतो. परंतु जे तो सांगतो ते एका निकडीच्या कामासाठी सांगतो: कोणते कूळ किती देवांचे, आणि कोणाची मुलगी कोणास देता येईल. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा गटांत गोंड कुळे वाटली गेली असून एकाच गटात सोयरीक होत नाही. तेव्हा गोंडांच्या घरी वंश म्हणजे केवळ बापामागून मुलगा ही सरळ रेघ नव्हे. सून कोठून आली, हेही त्यातच आले.

ही सरळ रेघ ओढली ती इंग्रज अंमलदारांनी. १८६९ च्या जमाबंदीच्या निमित्ताने मेजर ल्युसी स्मिथ यांनी चांद्याच्या गोंड राजांची परंपरा जुळवून लिहिली आणि पुढील सर्व लेखकांनी तीच पायाभूत धरली. त्यांचे उपकार मोठे आहेत. तथापि त्यांची यादी इ. स. ८७० च्या सुमारास सुरू होऊन १७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी नीलकंठशहास पदच्युत करीपर्यंत येते, आणि एवढ्या काळास राजे मात्र सुमारे वीसच. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास सरासरी चव्वेचाळीस वर्षे! वंश दीर्घायुषी असतील; पण इतके नसतात. गाण्यातील नावांना सनांची जोड देताना मधली नावे गळाली, किंवा आरंभ फार मागे ढकलला गेला, असेच म्हणावे लागते. या यादीस पक्का खिळा एकच बसतो, तो अबुल फज़लाच्या ‘आईन-ए-अकबरी’चा. त्यात चांद्याचा बाबजी नावाचा गोंड राजा एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ बाळगून असल्याचे लिहिले आहे. परक्याने, परक्या कामासाठी केलेली ही नोंद आहे, म्हणूनच ती अधिक विश्वासार्ह.

या सरळ रेघेत स्त्रीचे नाव येते ते केवळ रेघ तुटू लागली म्हणजे. चांद्याची राणी हिराई हे त्याचे ठळक उदाहरण. पती बीरशहा मारला गेला, पुत्र नव्हता. तिने भाऊबंदांतील रामशहास दत्तक घेतले, तो जाणता होईपर्यंत राज्य सांभाळले आणि पतीची देखणी समाधी उभारली. चंद्रपूरच्या महाकालीचे मंदिरही तिच्याच नावाशी निगडित आहे. हिराईनंतरचे सर्व राजे या दत्तकाच्या शाखेचे आहेत. रक्ताच्या रेघेवर भर देणाऱ्यांनी हे विसरू नये.

अहेरीच्या इतिहासातही निर्णायक प्रसंगी एक स्त्रीच उभी आहे, आणि तिचे नाव घेताना आजही माणसांचा आवाज बदलतो. ही जमीनदारीण लक्ष्मीबाई. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. त्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. चार वर्षे गेली नाहीत तोच उत्तरेत बंड उसळले. चांद्याकडे त्याचा भडका १८५८ च्या मार्चमध्ये उडाला. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके यांनी गोंड आणि रोहिले मिळून सुमारे पाचशे माणसे जमविली व राजगडचा परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव त्यांस मिळाले. २९ एप्रिल रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याच्या तळावर छापा पडला. गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज ठार झाले, तिसरा पीटर निसटला.

चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांच्यापाशी फौज थोडी आणि रान अफाट. अशा रानात बाबुरावांस धरणे परक्या पलटणीच्या आवाक्यातले नव्हते. ते काम जाणत्या माणसासच साधणार होते. लक्ष्मीबाईच्या माणसांनी भोपाळपट्टणम येथे बाबुरावांस एकदा धरले, पण ते निसटले. १८ सप्टेंबर १८५८ रोजी तिने त्यांस पुन्हा पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले. २१ ऑक्टोबर रोजी चांद्यास बाबुरावांस फाशी झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. व्यंकटराव बस्तरात पळाले. तेथील राजाने १८६० च्या एप्रिलमध्ये त्यांस सरकारच्या हवाली केले, आणि जन्मभराची शिक्षा होऊन त्यांची मालमत्ता जप्त झाली. अडपल्ली आणि घोट या दोन्ही जमीनदाऱ्या, एकंदर ६७ गावे, लक्ष्मीबाईस बक्षीस मिळाली.

या एका ओळीपाशी वंशावळ लिहिणारे अडखळतात. घराण्याचे स्तुतिपाठक ती गाळतात. बाबुरावांचे पोवाडे गाणारे दुसरे काही पाहतच नाहीत. दोन्ही रीती इतिहासाच्या नव्हेत. छापा पडला तो अहेरीपासून जवळच, आणि पाच वर्षांमागे भोसल्यांचे अख्खे राज्य वारसाअभावी बुडालेले तिने पाहिले होते. खालसा करण्यास सरकारला निमित्त पुरते, हे तिला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. तिने घर राखले. परंतु घर राखले म्हणून ज्यास फासावर चढविले तो परका होत नाही. तो शेजारचा जमीनदार होता, राजगोंड होता, त्याच अरण्याचा होता. आणि केवळ घर राखावयाचे होते तर ती ६७ गावे स्वीकारण्याचे कारण नव्हते. भीतीने धरून देणे आणि बक्षीस घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीविषयी समजूत दाखविता येते. दुसरी तिच्या नावावर राहणारच.

बाबुरावांची नोंद कागदाने बंडखोर म्हणून ठेवली. लोकांनी ती तशी ठेवली नाही. चंद्रपूरच्या जुन्या तुरुंगाच्या आवारातील पिंपळ, जेथे त्यांस फाशी दिले असे मानतात, तेथे दर २१ ऑक्टोबरला माणसे जमतात. २००९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

अहेरीची जमीनदारी त्यानंतर नव्वदांवर वर्षे टिकली. मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, जमीनदाऱ्या संपल्या आणि रान सरकारचे झाले. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. गादी गेली, तरी ‘राजे’ हे संबोधन गेले नाही. राजे विश्वेश्वरराव आत्राम १९७७ साली चंद्रपुरातून लोकसभेवर निवडून गेले. पुढे याच घराण्यातील पुरुष विधानसभेत आणि मंत्रिमंडळातही बसले. २०२४ च्या निवडणुकीत अहेरीच्या एका जागेसाठी या घराण्यातील तिघे परस्परांविरुद्ध उभे होते, बाप आणि लेक हे दोघे त्यांपैकीच. गावोगावच्या मतदारांस त्यांची नाती कोणी समजावून सांगावी लागली नाहीत.